आवक-जावक: रासायनिक समतोल नेमका काय असतो

एकोणिसाव्या शतकात लोखंड गाळणाऱ्या कारखानदारांना एक गोष्ट फार खुपायची. झोतभट्टीत लोहखनिज आणि कोक, म्हणजे दगडी कोळशापासून बनवलेलं इंधन, घालून खालून हवेचा झोत सोडला, की कोक जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, स्वतः कार्बन डायऑक्साइड बनतो आणि मागे लोखंड उरतं. कागदावर हिशेब चोख आहे. पण भट्टीच्या वरच्या तोंडातून जो वायू बाहेर पडे, त्यात कार्बन मोनॉक्साइड शिल्लक असायचाच, आणि थोडाथोडका नाही, भरपूर. कामाचा वायू काम न करताच निघून जातोय, असं सगळ्यांना वाटलं. वायू आणि खनिज यांची गाठ पुरेसा वेळ पडत नसावी, असा अर्थ लावला गेला. मग उपाय ठरलेलाच होता: भट्टी उंच करा. भरमसाट खर्च करून उंचच उंच भट्ट्या बांधल्या गेल्या. वायूला वर चढायला जास्त वेळ लागू लागला, पण बाहेर पडणाऱ्या वायूतलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण काही हललं नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए यांनी ही हकिगत सांगून ठेवली आहे, आणि रासायनिक समतोल समजावून सांगायची वेळ आली की मला सगळ्यात आधी तीच आठवते. कारण त्या कारखानदारांची समजूत आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात घर करून असते. अभिक्रिया अर्धवट राहिली, की आपण म्हणतो वेळ कमी पडला असेल. त्या भट्टीत वेळ कमी पडतच नव्हता. लोखंड तयार होत होतं, आणि त्याच वेळी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या लोखंडाला गाठून त्याचा पुन्हा ऑक्साइड करत होता आणि स्वतः परत कार्बन मोनॉक्साइड होत होता. दोन्ही कामं एकाच जागी, एकाच वेळी चाललेली. अशा ठिकाणी भट्टी दुप्पट उंच केली काय किंवा दसपट केली काय, फरक शून्य.

बाण दोन्हीकडे

शाळेत रासायनिक समीकरण लिहिताना बाण एकाच दिशेला काढतात: डावीकडे अभिक्रियाकारकं, उजवीकडे उत्पादितं. लाकूड जळून राख झाली की राखेचं लाकूड होत नाही, त्यामुळे हा एकेरी बाण मनाला सहज पटतो. पण असंख्य अभिक्रिया अशा आहेत की उजवीकडचे पदार्थ एकमेकांशी अभिक्रिया करून पुन्हा डावीकडचे पदार्थ तयार करतात. त्यांना व्युत्क्रमी, म्हणजे उलट फिरू शकणाऱ्या अभिक्रिया म्हणतात. दोन्ही दिशांना तोंड असलेला बाण त्यांच्यासाठीच वापरतात.

ही गोष्ट ज्याच्या पहिल्यांदा ध्यानात आली त्यानं ती प्रयोगशाळेत पाहिली नव्हती. क्लोद लुई बर्तोले हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर त्याला सोड्याचे, म्हणजे सोडियम कार्बोनेटचे थर साचलेले दिसले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणं एकत्र केली, की मीठ तयार होतं आणि चुनखडी तळाला बसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथे तर बरोबर उलटं घडलं होतं: तळ्यातलं मीठ आणि काठाची चुनखडी यांच्यापासून सोडा. बर्तोलेनं ओळखलं की तळ्यात मीठ आणि चुनखडी प्रचंड प्रमाणात आहेत, आणि त्या प्रमाणामुळेच अभिक्रिया मागे फिरली आहे. कोणता पदार्थ कोणाशी अभिक्रिया करतो एवढं पाहून भागत नाही, तो किती आहे हेही पाहावं लागतं. तोवर रसायनशास्त्र पदार्थांच्या आपसातल्या ओढीच्या भाषेत बोलत होतं. त्यात ‘किती’ हा प्रश्न आला तो इथून.

डोळ्यांना दिसणारा समतोल

समतोल बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो पटायला जड जातो. एक वायू मात्र तो रंगातून दाखवतो. नायट्रोजन डायऑक्साइड हा गडद तपकिरी वायू आहे. त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले गेले की डायनायट्रोजन टेट्राऑक्साइड नावाचा वायू बनतो, आणि तो रंगहीन असतो. हे जोडरेणू पुन्हा फुटून तपकिरी वायू होतो. वायू विषारी असल्यामुळे प्रात्यक्षिकासाठी तो काचेच्या बंद नळीत असतो.

ही नळी बर्फाच्या पाण्यात बुडवली की तपकिरी रंग बघता बघता फिकट होतो. तीच उचलून गरम पाण्यात धरली की रंग पुन्हा भरतो, गडद होतो. बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ दिली, की मधला रंग धरून ठेवते आणि मग तासन् तास बघत बसलं तरी रंग तसूभर बदलत नाही. नळी उघडलेली नाही, आत काही गेलं नाही, बाहेर काही आलं नाही. बघणाऱ्याला वाटतं, आत सगळं शांत झालं.

तसं काही झालेलं नसतं. सुरुवात निव्वळ रंगहीन वायूपासून झाली असं समजा. जोडरेणू फुटू लागतात आणि तपकिरी रेणू तयार होतात. सुरुवातीला ते इतके विरळ असतात की त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते, त्यामुळे जोड्या पुन्हा जमण्याचं काम जवळजवळ होतच नाही. जसजसे तपकिरी रेणू वाढतात, तसतशा त्यांच्या टकरी वाढतात आणि जोड्या जमण्याचा वेग वाढत जातो. दुसऱ्या बाजूला, फुटण्यासाठी शिल्लक असलेले जोडरेणू कमी होत जातात, म्हणून फुटण्याचा वेग घसरत जातो. एक वेग चढतोय, दुसरा उतरतोय. कुठेतरी ते एकमेकांना गाठणारच. ज्या क्षणी दोन्ही वेग सारखे होतात, त्या क्षणापासून दर सेकंदाला जितक्या जोड्या फुटतात तितक्याच जमतात. आवक तेवढीच जावक. एकूण आकडा स्थिर, म्हणून रंग स्थिर. हाच रासायनिक समतोल.

समजावताना भोक पडलेल्या बादलीचं उदाहरण हमखास दिलं जातं: वरून नळ चालू, खालून गळती, आणि पाण्याची पातळी एका उंचीवर टिकून राहते. उदाहरण सोपं आहे, पण त्यात एक खोट आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. बादलीला बाहेरून सतत नवं पाणी लागतं. नळ बंद केला की सगळं संपलं. रासायनिक समतोलाला बाहेरून काहीच लागत नाही. नळी बंदच असते, आणि तेच रेणू इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहतात. आपलं शरीर बादलीच्या जातीचं आहे: आत अन्न आणि ऑक्सिजन, बाहेर कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता. पेशीच्या आत कित्येक अभिक्रिया समतोलाच्या जवळपास असतात, पण पेशी संपूर्णपणे समतोलाला पोचली तर ती जिवंत राहत नाही.

नळीच्या आत खरंच धावपळ चालू असते याला पुरावा काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. पुरावा जड हायड्रोजननं दिला. ड्यूटेरियम हा हायड्रोजनचाच भाऊ: रासायनिक वागणं जवळजवळ तेच, वजन मात्र दुप्पट, त्यामुळे त्याचा माग काढता येतो. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया यांचं समतोलात असलेलं मिश्रण घ्यायचं आणि त्यातल्या साध्या हायड्रोजनच्या जागी तेवढंच ड्यूटेरियम ठेवायचं. तिन्ही वायूंचं प्रमाण जवळजवळ जैसे थे राहतं. पण थोड्या वेळानं तपासलं तर अमोनियाच्या रेणूंमध्ये ड्यूटेरियमचे अणू शिरलेले सापडतात, कुठे एक, कुठे दोन, कुठे तिन्ही. रेणू तुटत नसते आणि नव्यानं जुळत नसते, तर हे अणू आत शिरले असते कसे?

सारखं काय असतं आणि काय नसतं

‘समतोल’ हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे तराजू येतो, दोन्ही पारड्यांत सारखं वजन. इथेच बहुतेकांचा घोळ होतो, आणि दोष शब्दाचा आहे. समतोलात वेग सारखे असतात, प्रमाणं सारखी असायची काही गरज नसते. अगदी एकीकडे जवळजवळ सगळं आणि दुसरीकडे नावापुरतं, असाही समतोल असतो.

प्रमाणं ठरतात कशी, हे नॉर्वेच्या काटो गुल्डबर्ग आणि पीटर वोगे या दोघांनी १८६४ मध्ये मांडलं. एकजण गणितात मुरलेला, दुसरा रसायनशास्त्रज्ञ, आणि नात्यानं मेहुणे. त्यांनी शोधनिबंध नॉर्वेच्या भाषेत लिहिला, त्यामुळे बाहेर त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. १८७९ मध्ये जर्मन भाषेत पुन्हा मांडल्यावर त्यांचं काम सर्वदूर पोचलं. त्यांचा नियम सूत्रात सांगण्यापेक्षा आकड्यांत बघू या, कारण आकड्यांत तो फार देखणा दिसतो.

हायड्रोजन आणि आयोडीनची वाफ यांच्यापासून हायड्रोजन आयोडाइड बनतो, आणि तो मोडून पुन्हा ते दोघे मिळतात. ४५० अंश सेल्सियसच्या आसपास बंद पात्रात १०० भाग हायड्रोजन आणि १०० भाग आयोडीन घेतलं (भाग वजनानं नव्हे, रेणूंच्या संख्येनं). वाट पाहिली. शेवटी मिळतं साधारण १५६ भाग हायड्रोजन आयोडाइड, आणि दोन्ही मूळ पदार्थ २२-२२ भाग उरतात. आता दुसऱ्या पात्रात सुरुवातच उलट टोकाकडून केली: हायड्रोजन नाही, आयोडीन नाही, नुसतं २०० भाग हायड्रोजन आयोडाइड. शेवटी? पुन्हा १५६, २२ आणि २२. समतोलाला तुम्ही कोणत्या वाटेनं आलात हे आठवत नाही.

तिसऱ्या पात्रात १०० भाग हायड्रोजन आणि दुप्पट, म्हणजे २०० भाग आयोडीन. आता शेवटी साधारण १८७ भाग हायड्रोजन आयोडाइड, ६.५ भाग हायड्रोजन आणि १०६.५ भाग आयोडीन मिळतं. आकडे पार वेगळे दिसतात. पण एक गणित करून पाहा: हायड्रोजन आयोडाइडच्या आकड्याचा वर्ग करा आणि त्याला उरलेल्या हायड्रोजन व आयोडीन यांच्या गुणाकारानं भागा. पहिल्या पात्रात उत्तर ५० च्या आसपास येतं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच. या ठरलेल्या आकड्याला समतोल स्थिरांक म्हणतात. तापमान बदललं नाही तर तो बदलत नाही, पदार्थ कितीही कमी-जास्त घाला.

याच आकड्यांत आणखी एक व्यवहाराची गोष्ट दडली आहे. पहिल्या पात्रात हायड्रोजनचा ७८ टक्के भाग वापरला गेला होता, तिसऱ्यात ९३ टक्क्यांच्या वर. महाग पदार्थ वाया जाऊ द्यायचा नसेल तर स्वस्त पदार्थ जास्त ओता. कारखान्यांत हे रोज करतात. तळ्याकाठी बर्तोलेला दिसलं ते हेच.

स्थिरांक फार मोठा असेल तर अभिक्रिया जवळजवळ पूर्ण होते आणि आपण एकेरी बाण काढून मोकळे होतो. फार लहान असेल तर अभिक्रिया होतच नाही असं वाटतं. शुद्ध पाण्याचे रेणूसुद्धा आयनांमध्ये, म्हणजे विद्युतभारित कणांमध्ये, विभागतात आणि पुन्हा जुळतात, पण २५ अंशांना साधारण ५५ कोटी रेणूंमागे एखादाच विभागलेला सापडतो. तेवढ्यावर आम्ल-अल्कलींचं आणि पीएचचं सगळं मोजमाप उभं आहे.

समतोल हलवायचा कसा

१८८४ मध्ये ल शातेलिए यांनी एक नियम मांडला: समतोलावर बाहेरून एखादा बदल लादला, तर समतोल अशा दिशेला सरकतो की त्या बदलाचा परिणाम काही अंशी कमी होतो. विद्यार्थी तो पाठ करतात आणि मग असं समजतात की मिश्रणाला काहीतरी ‘हवं’ असतं, ते ‘विरोध’ करतं. रेणूंना काही हवं नसतं. दर वेळी वेगांकडे वळून बघावं, गुंता सुटतो.

तपकिरी वायू सिरिंजमध्ये भरून दट्ट्या झटकन दाबला, तर रंग आधी गडद होतो, कारण तेच रेणू कमी जागेत कोंबले गेले. पण पुढच्याच क्षणी तो थोडा फिकट होतो. रेणू दाटीवाटीनं आले, टकरी वाढल्या, जोड्या जमण्याचा वेग फुटण्याच्या वेगापुढे गेला. जोड्या जमल्या की रेणूंची एकूण संख्या घटते आणि दाबही जरा उतरतो. मात्र रंग मूळच्या फिकटपणापर्यंत परत येत नाही. नियमातल्या ‘काही अंशी’ या शब्दांवर म्हणूनच बोट ठेवावंसं वाटतं, कारण तेच दोन शब्द लोक विसरतात.

तापमानाची गोष्ट वेगळी. तापमान वाढवलं की दोन्ही दिशांचे वेग वाढतात, पण उष्णता शोषून घेणाऱ्या दिशेला चढ, म्हणजे अभिक्रिया होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा, जास्त उंच असतो, त्यामुळे तिला वाढीव उष्णतेचा फायदा जास्त होतो. जोडरेणू फुटायला उष्णता लागते, म्हणून गरम पाण्यात नळी गडद झाली. इथे समतोल स्थिरांकच बदलतो.

उत्प्रेरकामुळे, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थामुळे, मात्र समतोल अजिबात हलत नाही. तो चढ कमी करतो, पण येणाऱ्यासाठी आणि जाणाऱ्यासाठी सारखाच, त्यामुळे समतोल लवकर येतो एवढंच. समजा एखाद्या उत्प्रेरकानं समतोल सरकवला असता, तर तो पात्रात घालून आणि बाहेर काढून दर वेळी फुकटची ऊर्जा काढता आली असती. निसर्गात तशी सोय नाही.

आणि पदार्थ काढून घेणं हा समतोल हलवण्याचा सगळ्यात हुकमी मार्ग. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. बंद पात्रात वायूचा ठरावीक दाब झाला की चुना पुढे वाढत नाही, कारण वायू आणि चुना पुन्हा जुळत राहतात. उघड्या भट्टीत वायू निघून जातो, उलट अभिक्रियेला जोडीदारच उरत नाही, आणि चुनखडी शेवटच्या तुकड्यापर्यंत भाजली जाते.

अमोनियाची कोंडी

हे सगळे डावपेच एकदम वापरावे लागले ते अमोनियासाठी. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते आणि वायूचे चार रेणू जाऊन दोन होतात. म्हणजे दाब वाढवावा, तापमान कमी ठेवावं. पण तापमान कमी ठेवलं की अभिक्रिया इतकी मंद होते की समतोल येईपर्यंत माणूस थकून जाईल. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध फार चिवट आहे. तापमान वाढवावं तर वेग मिळतो, पण अमोनिया मोडू लागतो. इकडे आड तिकडे विहीर.

दाब वाढवण्याची दिशा खुद्द ल शातेलिए यांना दिसली होती. १९०१ मध्ये त्यांनी प्रयोगही केला, पण मिश्रणात हवा राहून गेल्यामुळे स्फोट झाला, त्यांचा सहायक मरता मरता वाचला, आणि त्यांनी तो नाद सोडला. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये उच्च दाबाखाली, उत्प्रेरक वापरून अमोनिया सतत काढून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्याच्या आकाराला नेली, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे पहिला कारखाना सुरू झाला.

त्यांनी कोंडी फोडली ती तडजोडीनं. तापमान साधारण ४०० ते ५०० अंश, म्हणजे समतोलासाठी जास्तच, पण लोखंडाच्या उत्प्रेरकाला काम करता येईल इतपत. दाब वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट. एवढं करूनही एका फेरीत साधारण १५ टक्केच वायूचं अमोनियात रूपांतर होतं. खरी हुशारी पुढे आहे. बाहेर येणारं मिश्रण थंड केलं की अमोनिया द्रवरूप होऊन वेगळा होतो. उरलेला नायट्रोजन आणि हायड्रोजन पुन्हा आत. पुन्हा १५ टक्के. पुन्हा आत. समतोलाशी झगडत न बसता मिश्रणाला तो गाठूच द्यायचा नाही. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न या अमोनियापासून बनणाऱ्या खतांवर अवलंबून आहे, असा अंदाज केला जातो. याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात जर्मनीची स्फोटकंही बनली, हे विसरून चालत नाही.

रक्तातली स्पर्धा

शेवटी पुन्हा कार्बन मोनॉक्साइडकडे, कारण भट्टीतला हा वायू माणसाच्या रक्तात शिरतो तेव्हाही समतोलाचेच नियम पाळतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि पुन्हा सुटतं. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर, तिथे समतोल जोडण्याकडे झुकतो. काम करणाऱ्या स्नायूंत ऑक्सिजन कमी, तिथे तो सोडण्याकडे झुकतो. जोडणी पक्की, कधीच न सुटणारी असती, तर रक्तानं ऑक्सिजन उचलला असता पण कुठेच उतरवला नसता. अभिक्रिया उलट फिरते म्हणूनच श्वासाचा उपयोग होतो.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनच्या त्याच जागेवर बसतो, पण ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.१ टक्का असला, म्हणजे ऑक्सिजनच्या दोनशेदहावा भाग, तरी घट्टपणा आणि कमी प्रमाण एकमेकांना फिटून जातात, आणि समतोलाला पोचेपर्यंत निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन या वायूच्या ताब्यात गेलेलं असतं. वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला कळत नाही.

पण घट्ट असली तरी ही जोडणीही उलट फिरणारीच आहे, आणि उपचार त्यावरच चालतो. रुग्णाला साध्या हवेत आणलं तर रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. तोंडावर मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला, की हिमोग्लोबिनच्या प्रत्येक जागेसाठी ऑक्सिजनचे कितीतरी जास्त रेणू टपून असतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू क्षणभर सुटला, की त्याची जागा ऑक्सिजन घेतो. तोच काळ सव्वा-दीड तासावर येतो. वातावरणाच्या अडीच-तीनपट दाबाच्या बंद कक्षात ऑक्सिजन दिला तर अर्ध्या तासाच्या आत. सुटलेला वायू मोडत नाही की कशात बदलत नाही, तो रुग्णाच्या उच्छ्वासाबरोबर, जसा आत गेला तसाच, बाहेर निघून जातो.